दोष कोणाचा?
घाटमाथ्यावरील एका बिनतारी यंत्राची हकीकत

शेजारच्या घरातील कलकलाट आपणांस तत्काळ ऐकू येतो. आपल्या घरातील कलकलाट मात्र शेजाऱ्याने येऊन सांगावा लागतो. ही गोष्ट संसारात जितकी खरी तितकीच यंत्रांच्या जगातही खरी आहे, असे एका उन्हाळ्यात आम्हांस आमच्याच अनुभवाने कळून आले. तो अनुभव वाचकांपुढे ठेवण्याचा आज विचार आहे. विषय बिनतारी यंत्राचा असला तरी तो समजण्यास पदार्थविज्ञानाची पदवी लागणार नाही. घरातील एखादा मुलगा किंवा मुलगी तारा, पेट्या आणि डाग देण्याचे सामान घेऊन माडीवर तासन् तास बसत असेल, तर त्या घरच्या वडील मंडळींस ही हकीकत विशेष उपयोगी पडेल अशी आमची अपेक्षा आहे.

ज्यांना बुलढाणा जिल्हा ठाऊक नाही त्यांच्यासाठी प्रथम थोडेसे भूगोलाविषयी सांगितले पाहिजे. अजिंठ्याच्या डोंगररांगेने या जिल्ह्याचे सरळ दोन भाग केले आहेत आणि इकडे माणसाची ओळख सांगताना तो 'घाटावरचा' की 'घाटाखालचा' हे आधी सांगतात. बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेडराजा आणि देऊळगावराजा हे सहा तालुके घाटावर. मोताळा, मलकापूर, नांदुरा, खामगाव, शेगाव, जळगाव जामोद आणि संग्रामपूर हे सात घाटाखाली, पूर्णेच्या खोऱ्यात. माथा आणि खोरे यांच्या उंचीत अदमासे साडेतीनशे मीटरांचा फरक आहे. संध्याकाळी घाटाच्या कडेवर उभे राहिले म्हणजे खाली गावोगावचे दिवे लुकलुकू लागतात आणि हवा निवळ असली तर पलीकडे सातपुड्याची निळसर रेघ दिसते.

या भूगोलाचा बिनतारीशी निकट संबंध आहे. हौशी बिनतारीवाल्यांस ज्या लहरी वापरण्याची मुभा आहे, त्यांपैकी 144 ते 146 मेगाहर्ट्झ हा पट्टा हातात धरावयाच्या लहान संचांस फार सोयीचा असतो. या लहरींची लांबी सुमारे दोन मीटर. त्या बहुतांशी प्रकाशाप्रमाणे सरळ रेषेत जातात व डोंगर आडवा आला की तेथेच थबकतात. चिखलीच्या माणसाने पाच वॅटच्या संचावरून शेगावच्या मित्रास हाक मारली, तर ती घाटाच्या पाठीवर आपटून राहते. यावर उपाय एकच: डोंगराच्या माथ्यावर एक निरोप्या बसवावयाचा. या निरोप्यास रिपीटर म्हणतात. तो एका लहरीवर ऐकतो आणि जे ऐकले तेच, त्याच क्षणी, दुसऱ्या लहरीवर खणखणीत आवाजात बोलून दाखवतो. साडेतीनशे मीटर उंचीवरून या लहरींचे क्षितिज सुमारे 75 किलोमीटर दूर जाते. म्हणजे घाटाखालचा बराचसा मुलूख त्याच्या हाकेच्या टप्प्यात येतो.

हा हौशी लोकांचा छंद आपल्या देशात नवा नाही. 1921 साली कलकत्त्यास अमरेंद्रचंद्र गुप्तू आणि मुकुल बोस यांनी त्याची मुहूर्तमेढ रोवली. म्हणजे 1927 साली मुंबईस रीतसर ध्वनिक्षेपण सुरू झाले त्याच्याही आधी. 30 सप्टेंबर 1993 रोजी पहाटे किल्लारी परिसरात भूकंप झाला, तेव्हा आपापले संच घेऊन मदतीस धावलेल्या लोकांत हे हौशी बिनतारीवालेही होते. छंद खरा, पण वेळप्रसंगी तो अनेकांच्या उपयोगी पडतो. आणि म्हणूनच तो जबाबदारीने करावा लागतो.

आमच्या धाकट्या बंधूंचे चिरंजीव सरकारी परीक्षा देऊन परवानाधारक झाले आहेत. त्यांनी आणि त्यांच्या चार-पाच मित्रांनी रीतसर परवानगी मिळवून घाटाच्या कडेवर, एका स्नेह्यांच्या शेतातील पत्र्याच्या खोलीत, असा एक रिपीटर उभा केला. तो 145.1 मेगाहर्ट्झवर ऐके आणि 145.7 मेगाहर्ट्झवर 25 वॅट शक्तीने बोले. पहिल्या दिवशी खामगावहून हाक आली आणि तिला चिखलीहून उत्तर गेले, तेव्हा घरात पेढे वाटले गेले. हिवाळा आनंदात गेला.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात एक मध्यमवयीन गृहस्थ चौकशी करीत आमच्या घरी आले. डोंगरातील रानात उन्हाळ्यात वणव्यावर नजर ठेवणाऱ्या पहारेकऱ्यांपैकी ते एक होते. त्यांच्या हातातील बिनतारी संचांत काही दिवसांपासून थांबून थांबून घरघर येते, तिच्यामुळे शब्द बुडतात आणि आदल्या संध्याकाळी धूर दिसल्याची खबर तीन वेळा सांगावी लागली, असे त्यांनी शांतपणे सांगितले. "तुमच्या खोलीवर एरियल दिसली, म्हणून विचारायला आलो. आमचीच चूक असेल तर तसं सांगा," एवढेच ते म्हणाले.

आमचे पुतणे अर्थातच उसळले. ते गृहस्थ जाताच म्हणाले, "काका, आमचं यंत्र 145.7 वर बोलतं. त्यांची लहर तिथून कितीतरी दूर आहे. त्यांचे संच जुने असतील, नाही तर तो नवा मोबाईलचा मनोरा घोळ करीत असेल." नाचता येईना अंगण वाकडे, ही म्हण आमच्या ओठांवर आली होती, पण आम्हांसही पुतण्याचा पक्ष मनातून पटलाच होता, हे कबूल केले पाहिजे. वाद मिटवला तो आमच्या मातुःश्रींनी. त्या निवडीत असलेले तांदूळ बाजूला ठेवून म्हणाल्या, "अरे, पंख्याचा आवाज येतो की नाही ते पंखा बंद करून कळतं. तुमचं ते बंद करून बघा ना!"

दुसऱ्या दिवशी तसे केले. रिपीटर बंद करताच पहारेकऱ्यांच्या संचातील घरघर थांबली. चालू केला, पहिली दहा मिनिटे काही नाही, मग घरघर पुन्हा सुरू. तीन वेळा हाच अनुभव आला. पुतण्यांचा चेहरा उतरला. त्याच दिवशी रिपीटरची कळ खाली पाडली आणि दोष सापडून दूर होईपर्यंत ती वर करावयाची नाही असे ठरले. मित्रमंडळींत एकाने कुरकूर केली, की रोज फक्त सकाळी चालवू. पण आग सकाळी लागत नाही असा करार रानाने कोणाशी केलेला नाही.

आता यंत्र एका लहरीवर बोलत असता दुसऱ्याच लहरीवर आवाज कसा उमटतो, हे पाहू. नेमल्या लहरीखेरीज जे काही यंत्रातून बाहेर पडते त्यास भटके संकेत म्हणू. त्यांचे मुख्य प्रकार तीन. पहिला प्रकार मूळ लहरीच्या दुप्पट, तिप्पट कंपनसंख्येच्या लहरींचा, 145.7 ची तिप्पट म्हणजे 437.1 मेगाहर्ट्झ. दुसरा, जवळपासच्या दोन यंत्रांच्या लहरी एकमेकींत मिसळून तिसरीच निपजण्याचा; ही मिसळण कधी यंत्रात होते, कधी गंजलेल्या पत्र्याच्या किंवा सैल बोल्टाच्या सांध्यातही होते. तिसरा प्रकार सर्वांत खट्याळ. सभेत ध्वनिवर्धकासमोर कर्णा आला म्हणजे जशी आपोआप शीळ घुमू लागते, तसे अँप्लिफायर स्वतःच घुमू लागते. आणि ही घुमणारी लहर मूळ लहरीशी मिसळून तिच्या दोन्ही अंगांस, सारख्या अंतरावर, कंगव्याच्या दातांप्रमाणे खोटे संकेत उभे करते.

हे संकेत क्षीण असतात, मग एवढे काय बिघडते, असे कोणी विचारील. आंतरराष्ट्रीय शिफारशींनी या पट्ट्यात 25 वॅटच्या यंत्रास भटक्या संकेतांची जी मर्यादा घातली आहे, ती 50 मायक्रोवॅटची, म्हणजे मूळ शक्तीच्या पाच लाखांत एका भागाची आहे. मर्यादा इतकी कडक असण्याचे कारण ऐकणाऱ्यांचे कान फार तीक्ष्ण असतात. पुणे जिल्ह्यात नारायणगावाजवळ खोडद येथे रेडिओ दुर्बिणीच्या 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्या आकाशातून येणारे अतिसूक्ष्म संकेत ऐकत असतात. ती जागा निवडताना माणसाने निर्माण केलेला बिनतारी गोंगाट तेथे कमी आहे, हेही पाहिले गेले होते. आणि आजही विजेच्या तारांवरील ठिणग्यांपासून मनोऱ्यांपर्यंत सर्व भटक्या संकेतांचा तेथे सतत माग काढावा लागतो. आकाश ही एकत्र कुटुंबाची विहीर आहे. पाणी कोणी किती भरावे हे ठरलेले असते. पण एकाच्या पोहऱ्याला चिखल असला तर सर्वांचे पाणी गढूळ होते.

शोधाच्या कामी पुतण्यांनी खामगावच्या एका वृद्ध कारागिरांस गळ घातली. त्यांनी सारे आयुष्य रेडिओ दुरुस्त करण्यात घालवले आहे. सर्व त्यांना मास्तर म्हणतात. एका स्नेह्यांकडून स्पेक्ट्रम अॅनालायझर मागून आणला. कोणत्या कंपनसंख्येवर किती शक्ती आहे, हे हे यंत्र पडद्यावर उभ्या रेघांनी दाखवते. मास्तरांनी आल्याबरोबर दोन नियम घातले. एका वेळी एकच गोष्ट बदलावयाची. आणि जे दिसले ते लगेच वहीत लिहावयाचे. "दोन गोष्टी एकदम बदलल्या आणि दोष गेला, तर तो कशाने गेला ते देवालाच ठाऊक," असे ते म्हणाले.

पहिला प्रश्न असा, की पडद्यावर दिसते ते खरे आहे काय? मोजणारे यंत्रही जबर संकेताने भांबावते व नसलेले संकेत दाखवू लागते. यासाठी वाटेत दहापट क्षीण करणारी डबी घातली. संकेत खरा असेल तर तोही दहापटच उतरतो. मोजयंत्राच्या पोटात निपजलेला असेल तर तो त्याहून कितीतरी अधिक, कधी हजारपटही उतरतो. आमचे संकेत बरोबर दहापट उतरले. म्हणजे ते खरे होते. मूळ लहरीपासून सुमारे 4.2 मेगाहर्ट्झ अंतराने दोन्ही बाजूंस दात उभे होते. उजवीकडील दुसरा दात 154 मेगाहर्ट्झच्या आसपास. तोच पहारेकऱ्यांचा शत्रू. पण मास्तरांनी बोट ठेवले ते डावीकडील तिसऱ्या दातावर. तो 133.1 च्या जवळ होता, आणि 118 ते 137 मेगाहर्ट्झ हा पट्टा विमाने व त्यांना मार्ग दाखवणारे लोक यांच्या संभाषणाचा आहे. खोलीत काही वेळ कोणी बोलले नाही.

दुसरी पायरी. एरियल काढून तिच्या जागी शक्ती निमूटपणे पचवून तिची उष्णता करणारा कृत्रिम भार थेट अँप्लिफायरला जोडला. (येथे नवशिक्यांस इशारा: 25 वॅट शक्ती मोजयंत्रात सरळ सोडू नये, ती आधी दहा हजार पट क्षीण करावी, नाही तर उसने आणलेले यंत्र जळते आणि स्नेहही जळतो.) पूर्ण अर्धा तास यंत्र चालवले. पडदा स्वच्छ! एकही दात नाही. पुतणे आनंदाने ओरडले, "म्हणजे अँप्लिफायर निर्दोष! एरियलचाच किंवा गंजलेल्या पत्र्याचाच दोष." मास्तर म्हणाले, "लिही आणि पुढे चल."

तिसरी पायरी. अँप्लिफायर आणि एरियल यांच्यामध्ये डुप्लेक्सर नावाची चार धातूची नळकांडी असतात. एकाच एरियलवरून ऐकणे व बोलणे एकदम चालावे, आणि आपल्याच बोलण्याने आपले कान बधिर होऊ नयेत, यासाठी ती लागतात. आमच्या डुप्लेक्सरचे काम ठरावीक लहरी अडवण्याचे. दूरच्या लहरींस त्यात विशेष मज्जाव नव्हता. तो तपासला, तो अगदी नेमका जुळलेला होता. म्हणजे तोही निर्दोष. आता अँप्लिफायरला डुप्लेक्सर जोडला, आणि एरियलच्या जागी कृत्रिम भार तसाच ठेवला. दहा मिनिटांत दात पुन्हा उभे! एरियल नाही, पत्रा नाही, मनोरा नाही. तरी घरघर हजर.

अँप्लिफायर एकटे निर्दोष, डुप्लेक्सर एकटा निर्दोष, आणि दोघे जोडले की भांडण. हे ऐकून आमच्या वहिनी हसल्या आणि म्हणाल्या, "हे तर घरोघरी दिसतं!" विनोद खरा, पण शास्त्रही तेच सांगत होते. कृत्रिम भार सर्व लहरी सारख्याच पचवतो. डुप्लेक्सर मात्र नेमल्या लहरीस वाट देतो आणि आसपासच्या कित्येक लहरींस उलट पाठवतो. परत आलेली शक्ती अँप्लिफायरात शिरते. आणि ते आधीच काठावर असेल तर घुमू लागते. मास्तरांनी दोहोंमधील तार बदलून वीतभर अधिक लांबीची लावली. दात 4.2 वरून सरकून 3.8 मेगाहर्ट्झवर गेले. ही मोठी खूण. दुप्पट-तिप्पटीचे संकेत गणिताने बांधलेले असतात, ते तार बदलल्याने जागा सोडीत नाहीत. जो संकेत तारेच्या लांबीने आणि उष्णतेने सरकतो तो बहुधा स्वतःच घुमणाऱ्या यंत्राचाच असतो.

आणखी एका लांबीची तार लावली तो दात अजिबात नाहीसे झाले. मंडळींनी सामान आवरण्यास प्रारंभ केला. येथेच मोह असतो. मास्तर म्हणाले, "भांडण थांबलं, मिटलं नाही. मे महिन्यात खोली आणखी तापेल तेव्हा ही तार पुरणार नाही." त्यांनी पुन्हा जुनीच तार लावली, दोष परत आणला आणि शोध चालू ठेवला. विजेच्या पुरवठ्याऐवजी बॅटरी लावून पाहिली, दात तसेच. मग अँप्लिफायरचे झाकण उघडले. वीज आत शिरते त्या जागी, वाहक तारेवरील चढउतार गिळून टाकणारा एक कपॅसिटर असतो. त्याचे डोके फुगलेले होते. पत्र्याच्या खोलीतील उष्णतेने तो आतून सुकला होता. त्याने आपले काम सोडल्यावर अँप्लिफायरच्या बाहेर जाणाऱ्या शक्तीचा अंश पुरवठ्याच्या तारेवाटे पुन्हा आत येई, आणि ते काठावर येऊन उभे राही. डुप्लेक्सरचा धक्का लागला की तोल जाई.

नवा कपॅसिटर लावला. तीच जुनी तार, तोच डुप्लेक्सर, एक तास, पडदा स्वच्छ. आता तरी आवरावे, असे आम्हांस वाटले. पण मास्तरांनी नवा काढून फुगलेला पुन्हा लावावयास सांगितले. दहा मिनिटांत दात परत आले. "आता कळलं, हाच तो," असे म्हणून त्यांनी वही मिटली. दोष घालवता येणे ही अर्धी खात्री. तो हुकमाने परत आणता येणे ही पुरी.

कायमचा बंदोबस्त म्हणून नव्या कपॅसिटरबरोबर पुरवठ्याच्या तारेत फेराइटचे मणी ओवले, आणि अँप्लिफायर व डुप्लेक्सर यांच्यामध्ये आयसोलेटर बसवला. हा घरातील समंजस वडील माणसासारखा असतो: पुढे जाणाऱ्यास जाऊ देतो, रागाने परत येणाऱ्यास बाजूच्या खोलीत नेऊन शांत करतो. तो स्वतः थोडे दुप्पट लहरींचे संकेत निर्माण करतो, म्हणून त्याच्या पुढे वरच्या लहरी अडवणारी गाळणीही हवी, तीही घातली. खोलीच्या भिंतीस दोन झरोके पाडले. पूर्वी सर्वांत उंच दात सुमारे 8 मिलिवॅटचा, म्हणजे मर्यादेच्या दीडशे पटींहून अधिक होता. आता मर्यादेच्या वर काहीच दिसेना.

एकंदर 19 दिवस रिपीटर मुका राहिला. मागाहून आम्ही हिशेब केला: एक कपॅसिटर, थोडे मणी, उसना आयसोलेटर आणि गाळणी. खर्च किरकोळ, किंमत पडली ती अभिमानाची. अँप्लिफायर निर्दोष, असे पुतण्यांनी दुसऱ्या पायरीवर लिहिले होते. ते वाक्य त्यांनी खोडले नाही. त्याखाली "एकटे असताना" एवढे शब्द लिहिले. सुटा भाग तपासून जो निकाल मिळतो तो सुट्या भागापुरताच खरा असतो. टाळी कशाने वाजते ते दोन्ही हात जोडल्यावरच कळते. आणि शेजारी तक्रार घेऊन आला, तर त्याची लहर आपल्यापासून किती दूर आहे याचे गणित मांडण्याआधी आपली कळ एकदा खाली पाडून पाहावी. याला काही खर्च येत नाही.

कळ पुन्हा वर केली त्या संध्याकाळी पुतणे स्वतः रानाच्या चौकीवर जाऊन बसले. आठ दिवस रोज गेले. नवव्या दिवशी ते पहारेकरी गृहस्थ बाजारहाटाला गावात आले असता आमच्या दारात क्षणभर थांबले. चहाला बसा म्हटले तर घाई आहे म्हणाले. जाता जाता पुतण्यांस एवढेच सांगितले, "काल रात्री खालच्या अंगाला धूर दिसला. एकदाच सांगितलं, सगळ्यांना ऐकू आलं."